ज्याच्या बाटल्या, त्यानं न्याव्या

फवारणीच्या दिवसांत मी कोणाशी धड बोलत नाही, हे कामरगावच्या पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे. माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत आणि औषधं. पिकावर फवारायच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात, आणि तीस वर्षं ते विकून मीही तसंच म्हणतो. सोयाबीन फुलावर आलं आणि पानांत अळी दिसली की सकाळी सातपासून काउंटरवर नुसते हात दिसतात. कोणी काडेपेटीत अळी घालून आणतो, कोणी मोबाईलवर फोटो दाखवतो, कोणी म्हणतो, "त्या दिशी त्याले देल्लं, तेच मले द्या." तो कोण आणि तो दिवस कोणता, हे मी ओळखायचं. त्या पंधरवड्यात घरची माणसंसुद्धा मला जेवायला बोलवायच्या आधी दारातून चेहरा बघून घेतात.

अशाच एका सकाळी एक बाई गर्दी सारत पुढं आली आणि डोक्यावरचं भरलेलं पोतं तिनं माझ्या काउंटरवर उलटं केलं. औषधांच्या रिकाम्या बाटल्या घरंगळत बिलबुकावर, कॅल्क्युलेटरवर, एका गिऱ्हाइकाच्या चहात गेल्या. चिखल लागलेल्या, उन्हानं पांढुरक्या पडलेल्या, काही बिनझाकणाच्या. साठी ओलांडलेली, काटक बाई. नाल्यापलीकडच्या खेड्यातली. दीड एकर रान आणि शेळ्या एवढा तिचा संसार, आणि बाकी दिवस दुसऱ्यांच्या वावरात मजुरी. तिला सगळे मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणत असे.

"हे काय वं मावशी?"

"तुमचं सामान हाय, भाऊ. घ्या."

"माहं कसं काय? म्या इकलं, लोकायनं घेतलं. झालं तठीच."

"तुमी आतलं इकलं. बाटली त कोणालेच नोको होती. ते आमच्या नाल्यात येऊन पडली."

"मंग कंपनीले सांग. बाटल्या कंपनी बनवते, म्या नाही बनवत."

"कंपनी कोठी राह्यते मले काय मालूम? मले तुमचं दुकान मालूम हाय, तुमाले कंपनी मालूम हाय. मी इथवर आणून देल्लं. पुढं तुमी न्या."

एवढं बोलून तिनं रिकामं पोतं झटकलं, घडी करून काखेत मारलं आणि गेली. गर्दी खो खो हसत होती. मी त्या बाटल्या परत एका पोत्यात कोंबून मागं गोदामात फेकल्या, आणि दिवसभर जो समोर येईल त्याच्यावर खेकसलो.

आठवड्यानं ती दुसरं पोतं घेऊन आली, आणि मग तिसरं. तिसऱ्या वेळी पाऊस होता, दुकानात कोणी नव्हतं, म्हणून मी तिला स्टूल दिलं आणि एकदाचं काय ते विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या अकरा शेळ्या होत्या. नाल्याच्या डोहावर पाणी पिऊन आल्या आणि त्यातल्या दोन संध्याकाळपर्यंत तोंडाला फेस येऊन मेल्या. ढोरांचा डॉक्टर म्हणाला, विष पोटात गेलं. त्या डोहाच्या काठाला सगळे फवारणीवाले पाठीवरचे पंप भरतात. पंप भरला की बाटली तिथंच टाकायची, नाहीतर पाण्यात भिरकवायची.

"पोरगी वाशिमले नर्स हाय," ती म्हणाली. "थे म्हंते, माय, शेळ्या इकून टाक अन् इकडं ये. पोरगी चांगली हाय, जावईही चांगला हाय. पण शेळ्या हायेत तोवर मी माह्या दारात हावो. शेळ्या गेल्या का मी दुसऱ्याच्या घरची पाव्हणी. नऊ उरल्या. उन्हाळ्यात आमच्या हातपंपाले धार येत नाही, शेळ्यायले त्या डोहाबिगर पाणी नाही. तवापर्यंत मले थो नाला साफ पाह्यजे."

मी "पाहू" म्हणालो. 'पाहू' म्हणजे 'नाही' हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. तिलाही कळलं असणार, पण ती म्हणाली, "मंग चला. पाहाले चला."

आणि मी गेलो. पाऊस थांबला होता, गिऱ्हाईक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर या बाईचं तोंड एकदाचं बंद व्हावं असा माझा हेतू होता. नाल्यावर पोचल्यावर माझंच तोंड बंद झालं. काठाच्या बेशरमाच्या झुडपांत, पाण्याच्या कडेला, दगडांच्या फटींत बाटल्याच बाटल्या. तणनाशकाचे पाच लिटरचे डबे गाळात अर्धे रुतलेले. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, नीलगाई, आमच्याकडचे रोही, आणि डुकरं यायला नकोत म्हणून दोरीला ओळीनं बाटल्या टांगलेल्या. वारा आला की एकमेकींवर आपटून वाजायच्या. मला तिथली एकही बाटली अनोळखी नव्हती. कोणती कोणत्या हंगामात आली, कोणती मी कोणाच्या गळ्यात मारली, हेसुद्धा आठवत होतं. तीस वर्षांत मी गावोगावी पीक पाहायला गेलो, पण मी विकलेल्या मालाचं पुढं काय होतं ते पाहायला कधी गेलो नव्हतो. मला लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आला, आणि तो काढायला मी हक्काचा माणूस शोधला. तो म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी.

हा तिशीतला, नाशिककडचा माणूस, आमच्या वाशिमकडच्या मालेगावात खोली करून राहायचा आणि मोटारसायकलवर चार तालुके पालथे घालायचा. शर्टाची इस्त्री मोडू न देता खेड्यापाड्यांत फिरणं ही त्याची एक कला होती. दुसऱ्याच दिवशी तो दुकानात आला तेव्हा मावशी चौथं पोतं घेऊन हजर होतीच. मी त्याला म्हणालो, "घ्या साहेब, तुमच्या बाटल्या परत आल्या."

तो हसला नाही, हे त्याचं पहिलं चांगलं लक्षण. म्हणाला, "काका, नियम तसाच आहे. जो कारखानदार प्लास्टिक बाजारात आणतो, त्यानंच ते परत गोळा करायचं. आमची कंपनी करते की. कागदोपत्री सगळं चोख आहे."

"कुठं करते? माझ्या दुकानातून तर आजवर एक झाकणसुद्धा परत गेलं नाही."

"इथलंच उचलावं असं नसतं काका. कुठल्या तरी शहरात प्लास्टिक गोळा करणारे असतात. आम्ही जेवढं विकतो तेवढ्या वजनाचं ते उचलतात, कारखान्यात नेऊन दळतात, आणि तसा दाखला आम्हाला देतात. हिशेब जुळतो."

मावशी खाली बसून ऐकत होती. "भाऊ, हे साहेब काय म्हंतेत मले समजून सांगा," ती म्हणाली. मी सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि त्याला विचारलं, "म्हंजे जेवले माह्या घरी, अन् भांडे घासले दुसऱ्याच्या घरचे?"

दुकानात माझ्यासकट चारपाच माणसं होती. चोर सोडून संन्याशाला फाशी वगैरे म्हणी मलाही येतात, पण इतकं नेमकं मला सुचलं नसतं. कंपनीचा पोरगा आधी हसला, मग काउंटरवरची एक बाटली उचलून उलटीसुलटी करत बसला. जाताना म्हणाला, "मावशी, मी वर लिहून पाहतो. कबूल काही करत नाही."

त्यानं लिहिलं. एकदा नाही, चारपाच वेळा लिहिलं असावं. उत्तर येईना तेव्हा वरच्या साहेबाला घेऊन तो खुद्द डोहावर गेला आणि त्याला चांगल्या बुटांसकट गाळात उतरवलं. शिवाय इतर कंपन्यांच्या प्रतिनिधींनाही पटवलं. बाहेर ही पोरं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात, पण चहा सगळे एकाच टपरीवर पितात. दिवाळीनंतर त्याचा फोन आला: एक मालवाहू गाडी मिळाली आहे, ती येऊन बाटल्या नेईल आणि दळायच्या कारखान्यात पोचवेल. दोन अटी. बाटल्या धुतलेल्या हव्यात. आणि प्रत्येकीला भोक पाडलेलं हवं, म्हणजे कोणी परत तेलापाण्याला वापरणार नाही. मी त्या माणसाला तोवर इस्त्रीवाला पोरगा एवढंच समजत होतो. त्या दिवसापासून मी त्याला पहिला चहा माझ्या खर्चानं पाजतो, आणि माझ्याकडून ही मोठी गोष्ट आहे.

इथून पुढं मावशीचं राज्य सुरू झालं. तिच्याबरोबर निंदायला, सोंगायला जाणाऱ्या दहाबारा बाया होत्या. तूर काढणीला यायला अजून अवकाश होता, हात मोकळे होते. रोज सकाळी या बाया नाल्याचा एक तुकडा धरायच्या आणि निंदण काढतात तशा ओळीनं पुढं सरकायच्या, एकही बाटली मागं न सोडता. गाळात रुतलेले डबे विळ्यानं उकरून काढायच्या. मी दुकानातले रबरी हातमोजे नेऊन दिले आणि दोन दिवस तिथं उभा राहून ते हातात घालायला लावले, कारण पाठ वळली की त्या ते काढून कमरेला खोचायच्या. धुतलेलं पाणी नाल्यात जाऊ नये हे मी सांगायच्या आधीच मावशीनं लांब पडीत मुरमाड जागेत खड्डा खणला होता. पोती शिवायचं जाड दाभण घेऊन ती स्वतः शेवटाला बसायची आणि धुऊन आलेल्या बाटलीच्या पोटात ते खुपसायची. लोक येता-जाता टिंगल करायचे. एक सोयाबीनवाला मला म्हणाला, "तुमी आता भंगार घेऊन राह्यले का?" मी म्हणालो, "हो, तू बी येऊन पड."

धुऱ्यावर टांगलेल्या बाटल्यांसाठी मात्र तिला दारोदार भांडावं लागलं. माणसं म्हणत, रोही येईल त कोण हाकलीन, तू? ती म्हणे, "डबे टांगा, जुने ताट टांगा, इखाच्या बाटल्या काहून टांगता?" आणि घरातलं स्वतःचं एक पितळी ताट तिनं एका धुऱ्यावर टांगून दाखवलं. चोरीला गेलं नाही, हे आमच्या भागाबद्दल चांगलं सांगण्यासारखं आहे.

गाडी यायच्या दिवशी समाजमंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत पोत्यांचा ढीग लागला. बाया नटून आल्या होत्या. इस्त्रीवाल्या पोरानं पहिलं पोतं उघडलं, आत हात घातला, आणि त्याचा चेहराच उतरला. बाटली निघाली ती लख्ख. राखेनं घासलेली, आतून-बाहेरून पुसलेली, उन्हात वाळवलेली. तिच्यावर एक अक्षर शिल्लक नव्हतं. त्यानं दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या तशाच. चिकटवलेले कागद, कंपनीचं नाव, औषधाचं नाव, सगळं घासून पार नाहीसं केलेलं.

"मावशी, लेबलं कुठं आहेत?"

"कोणते लेबल? थे चिकट कागद? थे काढून टाकले. दोन दिवस भिजत ठेवले तवा निंगाले."

"अहो, पण का?"

आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं परत द्यायचं तर घासून, पुसून, आपल्या घरच्यापेक्षा चकचकीत करून देतात. खरकट्याचा डाग राहिला तर सात पिढ्यांचा उद्धार होतो. या बायांना आम्ही सांगितलं होतं की बाटल्या ज्याच्या त्याला परत करायच्या आहेत. त्यांनी त्या तशा परत केल्या. एवढंच नव्हे, रिकामं भांडं परत करू नये म्हणून एकीनं पहिल्या पोत्याच्या तोंडाशी फडक्यात मूठभर तुरी बांधून ठेवल्या होत्या. पोरानं ती पुरचुंडी सोडून पाहिली आणि परत गाठ मारून खिशात ठेवली.

अडचण खरी होती. गाडी तीन कंपन्यांनी मिळून पाठवलेली. प्रत्येकीनं आपापल्याच बाटल्या उचलायच्या, तशी नोंद करायची, असं वरून ठरलेलं. नाव नसलेली बाटली कोणाची? कोणाचीच नाही. गाडीवाला म्हणाला, असा माल मी भरत नाही. पोरानं फोन लावला. पलीकडचा माणूस ठाम होता. बाया आळीपाळीनं एकमेकींकडं आणि मावशीकडं बघायला लागल्या. इतके दिवस खपून घासलेलं सगळं वाया जाणार, आणि ते घासल्यामुळेच. मला तर रडू यायचं बाकी होतं. लेबल ठेवा हे सांगायला हवं होतं ते मी. तिथं लेबल वाचता येणारा, आणि त्याचं महत्त्व ठाऊक असलेला, मीच एक होतो.

मावशीनं पदर खोचला. "साहेब, नाव कायले पाह्यजे? कोणाची कोणती हाय, येवढंच ना?" तिनं पोतं जमिनीवर ओतलं आणि मधोमध बसली.

पंचवीसेक वर्षं तिनं फवारणीवाल्यांना पाणी वाहून दिलं होतं. डोक्यावर घागर घेऊन पंपापाशी जायचं, एका पंपाला किती झाकणं औषध ते बघायचं, पुढच्या पंपाला तेवढंच ओतून द्यायचं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं बाटलीच वाचली होती. "हिचे खांदे उतरते, मान आखूड. हिचं औषध दुधावानी पांढरं, एका पंपाले दोन झाकण. ही तुमची, साहेब. ही चौकोनी, पोटाले खोबण. हिचा वास डांबराच्या गोळ्यावानी. ही दुसऱ्या कंपनीची. हिचे आटे बारीक, झाकण लवकर बसत नाही, हात भरते." एकेक बाटली हातात घ्यायची, बोटं फिरवायची, आणि डावीकडं, उजवीकडं नाहीतर समोर फेकायची. वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात इतक्या सहज.

पोरगा खाली बसला. बाटलीच्या बुडाला प्लास्टिकमध्येच उठवलेली बारीक खूण असते, ती मोबाईलच्या उजेडात पाहू लागला. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. दहाबारा झाल्यावर त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि तोही तिच्या हाताखाली ढीग लावू लागला. इस्त्री कधी मोडली हे त्याला कळलंही नसेल. त्यानं परत फोन लावला आणि बुडावरच्या खुणांचे फोटो पाठवले. या वेळी तो विनंती करत नव्हता, सांगत होता. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, कंपन्यांच्या खर्चानं हॉटेलांत होणाऱ्या कितीतरी सभांना जाऊन आलो आहे. आमचा माल माझ्यापेक्षा जास्त ओळखणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते आजवर माझ्या काउंटरपुढं उभं राहत आलेलं होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला, की जसं काही मीच तिला शिकवलं होतं.

तीन ढीग गाडीत चढले. चौथा मात्र जमिनीवर उरला. छोटा होता, दीड पोतं असेल. हिरव्या, गोल, स्वस्त प्लास्टिकच्या बाटल्या. बुडाला खूण नाही. पोरगा म्हणाला, "ह्या कोणाच्या मावशी?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं नाही. दाभणाला लागलेला बारीक प्लास्टिकचा कीस ती नखानं काढत राहिली. "ह्या मले नाही ओळखू येत," ती म्हणाली.

ती खोटं बोलत होती, हे फक्त मला कळलं. ते टॉनिक होतं. पीक हिरवंगार होतं, फूल गळत नाही, शेंगा दुप्पट, असलं काहीबाही लिहिलेलं, सिंहाचं चित्र असलेलं. कुठल्यातरी गाळ्यातला माणूस मोटारीतून यायचा आणि खोकी टाकून जायचा. चांगल्या कंपनीच्या मालापेक्षा त्यात सुटायचं जास्त, म्हणून मी ते लोकांच्या गळ्यात घालत असे. पंचक्रोशीत ते फक्त माझ्याकडे मिळायचं. त्या माणसाचा नंबर मी तिथंच उभं राहून लावला. तो नंबर अस्तित्वात नाही, असं फोनवरची बाई इंग्रजीत आणि मराठीत सांगत होती. ज्यानं बनवलं तो पळून गेलेला. मग मागं उरतो कोण?

"ह्या माह्या हायेत," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, कारण हळू म्हणालो असतो तर परत म्हणावं लागलं असतं.

"मंग न्या," मावशी म्हणाली, आणि पोत्याचं तोंड शिवायला घेतलं. ते दीड पोतं मी माझ्या मोटारसायकलवर बांधून नेलं. त्या हंगामापासून टॉनिक बंद केलं. आणि दुकानात पाटी लावली: रिकामी बाटली आणा, तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, लेबल काढू नका. शेवटचे तीन शब्द मी लाल रंगात लिहून घेतले. गाडी आता वर्षातून दोनदा येते. इंझोरीकडचा एक दुकानदार परवा विचारत होता, आम्हालाही असं करायचं आहे, सुरुवात कशी केली? मी म्हणालो, सुरुवात आम्ही केलीच नाही.

इथं ही हकीकत थांबवता आली असती तर मला बरं वाटलं असतं.

होळी झाली. हातपंपाची धार तुटायला लागली. एक दिवस मावशी दुकानात आली, या वेळी रिकाम्या हातानं. "भाऊ, जरा नाल्यावर चला."

डोह ओळखू येत नव्हता. काठ स्वच्छ, पाणी नितळ, तळाचे दगड मोजता यावेत असं. काठावरच्या उतारावर तिच्या नऊ शेळ्या एका दोरीत बांधलेल्या होत्या आणि पाण्याकडं माना ताणून ओरडत होत्या. तिनं दोरी घट्ट धरली होती.

"तुमी औषधवाले," ती म्हणाली. "तुमी सांगा. पाजू का नोको?"

कोणत्या अळीला कोणतं औषध, एका पंपाला किती मिली, किती दिवसांनी दुसरा फवारा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पाण्यात आणि गाळात गेलेलं तेच औषध किती दिवस राहतं, कधी निघून जातं, हे मला येत नव्हतं. कोणी कधी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. मी पोराला फोन केला. त्याला माहीत नव्हतं. त्यानं वर विचारलं. वरून उत्तर आलं की बाटल्या नेणं आमचं काम आहे, ते आम्ही केलं. मी बाटलीत पाणी भरून तपासायला पाठवलं. कागद आला, त्यात क्षार होते, गढूळपणा होता, जंतू होते. मी विकलेल्यापैकी एकही नाव तिथं तपासलं जात नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी काठावर मी एवढंच म्हणालो, "नोको पाजू, मावशी."

तिनं वाद घातला नाही. माझ्या शब्दावर तिनं नऊ शेळ्या तहानलेल्या परत वळवल्या, आणि उन्हात दीड किलोमीटरवरून घागरीनं पाणी वाहायला लागली. चार दिवस मी ते पाहिलं. पाचव्या दिवशी दुकानाच्या बाजूला सिमेंटची टाकी बांधायला घेतली, माझ्या बोअरची तोटी तिच्यावर सोडली. तेव्हापासून उन्हाळाभर रोज दुपारी तिच्या शेळ्या कामरगावच्या बाजारातून माझ्या दुकानावर पाणी प्यायला येतात. जाता-येता माझ्या पोस्टरचे कागद खातात, बियाण्याच्या पिशव्यांना तोंड लावतात, आणि गिऱ्हाइकं त्यांना वाट देत उभी राहतात. मी ओरडतो. त्या ऐकत नाहीत.

त्यानंतर दोन पावसाळे झाले. नाला दोन्ही वर्षी भरून वाहिला. परवा मावशी शेळ्या घेऊन आली. आता चौदा झाल्यात. वाशिमच्या पोरीनं शेळ्या विकायचा विषय सोडून दिला आहे, असं ती सांगत होती. मग काउंटरशी आली आणि दर वर्षी विचारते तेच तिनं विचारलं.

"भाऊ, औंदा पाजू का नाल्यावर?"

दुकानात गर्दी होती. सगळे माझ्याकडं पाहत होते, आणि माझ्या मागच्या फळीवर बाटल्या ओळीनं लावलेल्या होत्या.

"मले अजून मालूम नाही, मावशी."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. ती "बरं" म्हणाली, आणि चौदाही शेळ्या तिनं टाकीकडं वळवल्या.